गोळी चालू आहे? दातांच्या डॉक्टरांनाही सांगा

गर्भनिरोधक गोळ्या सुरू झाल्यावर काही जणींच्या हिरड्या सुजतात, ब्रश करताना थुंकीत रक्त दिसतं. मग तेवढी जागा टाळली जाते आणि नेमकं तिथेच कीटण साचतं.

१. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून हलक्या हाताने फिरवा. दुखरी जागा वगळू नका.

२. दवाखान्यात ‘चालू औषधं’ विचारली की गोळीचं नावही सांगा. बऱ्याच जणी तिला औषधात धरतच नाहीत!

३. दाढ काढायची आहे, पण घाई नाही? पाकिटातल्या हार्मोन नसलेल्या गोळ्यांच्या दिवसांतली तारीख चालेल का, विचारा. गोळी घेणाऱ्यांत काढलेल्या दाढेच्या जागची खाच कोरडी पडून ठणकण्याचा धोका थोडा जास्त असतो.

हिरड्यांपायी गोळी मात्र मनाने बंद करू नका.