इंग्लंडला निघालेल्यांसाठी: 'गेट' हा शब्द आपलासा कसा करावा

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी मी दरवर्षी कापसाची वेचणी चालू असताना तीन-चार आठवडे येते आणि त्या दिवसांत आमच्या ओसरीवर परदेशी निघालेल्या मुलामुलींची ये-जा असते. मी इंग्लंडमधील लेस्टर शहरात वीस वर्षांहून अधिक काळ परिचारिकेचे काम करीत असल्यामुळे, थंडीसाठी काय घ्यावे, तुरीची डाळ तिथे मिळते का, खोली कशी शोधावी, असे प्रश्न मला सवयीचे झाले आहेत. या वर्षी मात्र वृद्धांच्या शुश्रूषेच्या कामावर निघालेली शेजारची एक मुलगी वेगळीच अडचण घेऊन आली. तिने एका वहीत 'गेट' या इंग्रजी क्रियापदाचे छत्तीस अर्थ क्रमांक घालून लिहिले होते आणि ते पाठ होत नाहीत म्हणून ती रडकुंडीला आली होती. तिला जे सांगितले तेच, थोडे विस्ताराने, पुढे निघणाऱ्या सर्वांसाठी लिहीत आहे.

मी तिला वही मिटायला सांगितली आणि कोपऱ्यात तुरीचे सोले काढत बसलेल्या तिच्या आजीचे बोलणे नुसते ऐकायला सांगितले. थोड्या वेळात आजींच्या तोंडून 'लागणे' हे एकच क्रियापद कितीतरी वेळा आले. 'मले तहान लागली', 'त्यायच्या विहिरीले पानी लागलं', 'पोराले नोकरी लागली', 'तिले गाडी लागते', 'ते आपली कोन लागते', 'आता जावं लागते'. याशिवाय कपाशीला बोंडे लागतात, लग्न लागते, डोळा लागतो, ठेच लागते, आणि परगावी गेलेल्याचे मन लागत नाही. या प्रत्येक ठिकाणी अर्थ निराळा आहे, तरी आपल्यापैकी कोणीही तो क्रमांक घालून पाठ केलेला नाही, कारण तो 'लागणे' या शब्दात एकट्याने राहतच नाही. तहान, पाणी, नोकरी, गाडी या शेजारच्या शब्दाकडून तो त्याला मिळतो. 'गेट'चे वागणे नेमके असेच आहे. ज्या माणसाला 'लागणे' सहज वापरता येते, त्याला 'गेट' अवघड जाण्याचे कारण नाही. फक्त तो शब्द सुटा न शिकता त्याच्या सोबत्यासह शिकला पाहिजे. 'गेट म्हणजे काय' असा प्रश्न न विचारता 'गेट कोल्ड म्हणजे काय', 'गेट ऑफ म्हणजे काय' असा विचारावा, म्हणजे उत्तर सापडते.

हा शब्द परक्यांनाच जड जातो असेही नाही. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत, ज्यांचा अर्थ सैल असल्यामुळे आपले श्रम फार वाढले अशा क्रियापदांची यादी दिली आहे, आणि तीत 'गेट' आहे. क्रियापदाला एखादे अव्यय जोडून अर्थ पालटण्याची जी इंग्रजीची रीत आहे, तिच्यामुळे परकीयांना सर्वांत मोठी अडचण येते, असेही त्यांनी तिथेच नमूद केले आहे. मूळ शब्द तर इंग्लंडचा नव्हेच. तो नवव्या शतकापासून उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये येऊन स्थायिक झालेल्या नॉर्स, म्हणजे स्कॅन्डिनेव्हियातील, लोकांच्या 'गेटा' या शब्दावरून आला आहे. लेस्टर हे त्या काळी या नॉर्स लोकांपैकीच असलेल्या डेन लोकांच्या ताब्यातील पाच मुख्य नगरांपैकी एक होते. म्हणजे ज्या शब्दाने आपण आज अडखळतो, तोही कधीकाळी तिथे बाहेरून येऊन रुजलेला आहे, ही गोष्ट मला पहिल्या वर्षी कळली असती तर मोठा धीर आला असता.

अडचणीची सुरुवात आपल्या लिपीपासून होते. फाटकाला इंग्रजीत जो शब्द आहे तो आणि हे क्रियापद, दोन्ही आपण 'गेट' असेच लिहितो आणि एकसारखेच उच्चारतो. तिथे क्रियापदातील स्वर आखूड असतो, तर फाटकाच्या शब्दातील स्वर लांब असून शेवटी 'इ'कडे झुकतो, जवळजवळ 'गेइट' असा. हाच फरक लेखणीच्या 'पेन'मध्ये आणि वेदनेच्या 'पेइन'मध्ये आहे, आणि रुग्णसेवेत तो जपावाच लागतो, कारण 'हॅव यू गॉट एनी पेइन' हा प्रश्न आपण दिवसातून अनेकदा विचारतो. आपला उच्चार आखूड राहिला तर दुखण्याची चौकशी केलेल्या रुग्णाला आपण लेखणी मागतो आहोत असे वाटते. निघण्यापूर्वी रोज थोडा वेळ या दोन जोड्या मोठ्याने म्हणून घ्याव्यात. (लेस्टरच्या मध्यभागी गॅलोट्री गेट नावाचा रस्ता आहे. तिथे फाटक शोधत बसू नये. त्या नावातील 'गेट' हा रस्ता या अर्थाच्या 'गाटा' या जुन्या नॉर्स शब्दापासून आलेला आहे.)

आमच्या पिढीला इंग्रजी पाचव्या इयत्तेपासून होते. मराठी शाळांत ते पहिलीपासून आले ते 2000 साली. पण शिकवणी कधीही सुरू झालेली असो, पाठ्यपुस्तकातून आपल्याला 'गेट'चा एकच अर्थ पक्का होतो, तो म्हणजे मिळणे किंवा मिळवणे. फार तर आणून देणे हा दुसरा. या अपुऱ्या ज्ञानाची किंमत मी कामाच्या पहिल्या महिन्यात एका रात्रपाळीत मोजली. एका वृद्ध रुग्णाने मला हाक मारली आणि तो हळू आवाजात म्हणाला, 'आय कान्ट गेट माय ब्रेथ.' या माणसाला काहीतरी मिळत नाही, ते आपण आणून द्यायचे आहे, एवढेच माझ्या डोक्यात आले आणि मी त्याच्या उशाशी, टेबलावर ती वस्तू शोधू लागले. पलीकडच्या खाटेजवळच्या वरिष्ठ परिचारिकेने ते वाक्य ऐकले, धावत येऊन त्याला उठवून बसवले आणि ऑक्सिजन लावला. त्याला दम लागला होता. आपल्या घरी कोणी 'मले दम लागून राहिला' म्हटले असते तर मी क्षणभरही थांबले नसते. तो रुग्ण बरा होऊन घरी गेला, पण वाया गेलेली ती काही सेकंदे मी आजही विसरलेले नाही. शुश्रूषेच्या कामावर येणाऱ्यांनी इतर काही लक्षात ठेवले नाही तरी हे एक वाक्य ठेवावे.

मिळणे आणि आणणे यांच्या पलीकडे 'गेट'चा सर्वांत मोठा उपयोग स्थिती पालटते आहे हे सांगण्याचा असतो, आणि इथे आपली वऱ्हाडी बोली फार कामाला येते. ज्या 'करून राहिलो', 'जाऊन राहिली' या बोलण्याला शाळेत अशुद्ध ठरवले गेले, तेच रूप 'गेटिंग'ला अगदी जवळून बसते. 'थंडी वाढून राहिली' म्हणजे 'इट्स गेटिंग कोल्ड'. 'अंधार पडून राहिला' म्हणजे 'इट्स गेटिंग डार्क'. 'तब्येत सुधरून राहिली' म्हणजे 'शी इज गेटिंग बेटर'. डोक्यात वऱ्हाडी वाक्य आले की 'गेटिंग' वापरावे, असा सल्ला मी मुलांना देते आणि तो बहुतेक वेळा बरोबर ठरतो. आपल्या 'करून घेणे'लाही तिथे हाच शब्द आहे: केस कापून घेतले, दार दुरुस्त करून घेतले, डॉक्टरांकडून सही करवून घेतली, ही सर्व कामे इंग्रजीत 'गेट'वरच चालतात. 'गेट पेड' म्हणजे पगार हाती येणे, 'गेट हर्ट' म्हणजे मार लागणे, आणि 'आय गेट इट' म्हणजे समजले.

प्रवासाची गोष्ट थोडक्यात सांगते. बसमध्ये आणि रेल्वेत चढणे 'गेट ऑन', उतरणे 'गेट ऑफ'. मोटारीत बसणे 'गेट इन', उतरणे 'गेट आउट'. ज्या वाहनात उभे राहून चालता येते त्याला 'ऑन' आणि ज्यात वाकून बसावे लागते त्याला 'इन', एवढी खूण पुरते. आपल्याकडे बसमधून उतरण्याला 'गेट डाउन' म्हणण्याची पद्धत आहे. ती सोडून द्यावी. कामावर 'व्हॉट टाइम डू यू गेट ऑफ' असे कोणी विचारले तर मात्र बसशी त्याचा संबंध नसतो. पाळी किती वाजता संपते, असा तो प्रश्न असतो.

माणसामाणसांतील बोलण्यात मात्र अधिक जपावे लागते. 'हाऊ आर यू गेटिंग ऑन' ही कामाची किंवा एकूण ख्यालीखुशालीची चौकशी असते, तर एखाद्याशी 'गेट ऑन' होणे म्हणजे त्याच्याशी पटणे. 'गेट ओव्हर' म्हणजे आजारातून किंवा दुःखातून सावरणे, पण 'गेट इट ओव्हर विथ' म्हणजे एकदाचे उरकून टाकणे. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्ण दुसरा प्रयोग करतो, तेव्हा त्याला कंटाळा आलेला नसून बहुधा भीती वाटत असते, हे ओळखून त्याच्याजवळ दोन मिनिटे थांबावे. 'गेट ओव्हर इट' असे आज्ञार्थी बोलणे तर कधीच करू नये. घरात माणूस गेलेल्याला 'पुरे झाले आता तुझे रडणे' असे म्हणण्याइतके ते कठोर लागते. 'गेट मी वॉटर' हेही हुकमासारखे ऐकू येते. आपल्या क्रियापदांत 'दे', 'द्या', 'द्याल का' असे आदराचे रूप आपोआप येते, तिथे ते 'कुड यू' लावून आणावे लागते. दुकानात 'कॅन आय गेट' असे तरुण मुले सर्रास म्हणतात, पण अनेक वयस्क इंग्रजांना ते खटकते. 'कुड आय हॅव' म्हणणे सर्वत्र चालते.

सहकाऱ्यांसोबत चहाला गेल्यावर कोणी 'आय विल गेट धिस' म्हणाले तर तो पैसे देतो आहे असे समजावे. हे आपल्याला नवीन नाही, टपरीवर 'राहू द्या, मी देतो' असे आपणही म्हणतो. फरक इतकाच की तिथे दोन-तीनदा आग्रह करून हात धरण्याची रीत नाही. आभार मानावेत आणि पुढच्या वेळी तेच वाक्य आपण न विसरता म्हणावे, कारण पाळी सर्वांच्या लक्षात असते.

'वुई विल गेट बॅक टु यू' या वाक्याविषयी मला जरा कळकळीने सांगायचे आहे. शब्दशः त्याचा अर्थ 'आम्ही तुम्हाला कळवू' असा होतो आणि आपण त्यावर विश्वासून फोनजवळ बसतो. मी पहिली खोली शोधत असताना एका घरभाडे संस्थेने मला हे वाक्य ऐकवले. मी बारा दिवस वाट पाहिली, दुसऱ्या दोन खोल्या सोडून दिल्या, आणि शेवटी मीच फोन केला तेव्हा ती खोली पहिल्याच आठवड्यात दिली गेल्याचे समजले. या वाक्यात होकार नसतो, नकारही नसतो. आत्ता उत्तर नाही, एवढेच त्यातून कळते. म्हणून ते ऐकताच बोलणाऱ्याचे नाव लिहून घ्यावे, कोणत्या तारखेपर्यंत कळेल ते तिथेच सौम्यपणे विचारावे, आणि इतर ठिकाणचे प्रयत्न थांबवू नयेत. नोकरी, खोली, रजा, बँकेचे खाते, सगळीकडे हाच नियम पाळावा.

लिहिताना हा शब्द आवरता घ्यावा. रुग्णाच्या नोंदीत, अर्जात किंवा तक्रारीत 'रिसीव्ह', 'ऑब्टेन', 'बिकम' असे नेमके शब्द शोभतात, आणि ते आपल्याला शाळेने चांगले शिकवलेले असतात. आयईएलटीएस किंवा ओईटी या इंग्रजीच्या परीक्षांची तयारी करणाऱ्यांनी लेखनाच्या भागात हे विशेष पाळावे आणि बोलण्याच्या भागात मात्र 'गेट'ला मोकळीक द्यावी. अमेरिकेतील नातेवाइकांच्या तोंडी 'गॉटन' हे रूप ऐकू आले तर ते चुकीचे समजू नये. ते जुने इंग्रजी रूप आहे, जे अमेरिकेत टिकले आणि इंग्लंडमध्ये सर्वसाधारण वापरातून गेले. तुम्ही इंग्लंडमध्ये 'गॉट' म्हणावे.

शेवटी, पहिल्याच आठवड्यात तुमच्या कानी पडेल असे एक वाक्य. इथे दारव्ह्याच्या एसटी स्थानकावर आई खिडकीपाशी उभी राहून 'पोचली का फोन कर' म्हणते. तिथे रात्री उशिरा पाळी संपवून निघताना सोबतची परिचारिका 'टेक्स्ट मी व्हेन यू गेट इन' असे म्हणेल. इथे 'गेट इन' म्हणजे घरी पोहोचणे. ते उपचारापुरते बोललेले आहे असे समजून सोडून देऊ नका. खोलीचे दार आतून लावले की 'गॉट इन' एवढे दोनच शब्द तिला पाठवा, आणि मग घरी आईला फोन करा.