दात हलतोय, पण दुखत नाही? या चुका टाळा

माझ्या आत्याचे खालचे पुढचे दात दोन वर्षं हलत होते. "दुखत तर नाहीत, मग कशाला दवाखाना?" असं म्हणत ती भाकरी दुधात कुस्करून खात राहिली. शेवटी एक्स-रे काढला तेव्हा मुळांभोवतीचं हाड अर्ध्याहून जास्त झिजलेलं निघालं, आणि चार दात गेले.

दुखतं की नाही यावर दवाखान्यात कधी जायचं ते ठरवणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मोठ्या माणसाचा दात मार न लागता हलू लागला, तर बहुतेक वेळा कारण पायरियाच असतो. कीटण हिरडीखाली उतरतं, हिरडी दातापासून सुटते आणि खालचं हाड हळूहळू झिजतं. या सगळ्यात दुखणं फारसं नसतंच. झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. उरलेलं मात्र वाचवता येतं, म्हणून अशा दातासाठी त्याच आठवड्यात वेळ घ्या. पू येत असेल किंवा चावताना दात खाली दबल्यासारखा वाटत असेल, तर एक-दोन दिवसांतच जा.

"माझ्या हिरड्यांतून रक्त येत नाही" यावरही विसंबू नका. तंबाखू, विडी, मशेरी यांची सवय असेल तर हिरड्यांचा रक्तपुरवठा कमी होतो आणि आजार आत वाढत असतानाही रक्त दिसत नाही. दात हलतो म्हणून मशेरी जास्त घासणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत. थोडा वेळ बधिर वाटतं, बरंही वाटतं, पण नुकसान वाढतच जातं. तंबाखू किंवा गुटखा खाणाऱ्याचा एखादाच दात विनाकारण हलू लागला आणि शेजारी दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल किंवा ओठ बधिर झाला असेल, तर कर्करोगाची तपासणी लांबवू नका.

मधुमेह असलेल्यांनी जास्तच जपावं. साखर ताब्यात नसेल तर हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर ताब्यात ठेवणंही अवघड होतं.

"दात साफ करून घेतले की हलायला लागतात" हा समज फार जणांना दवाखान्यापासून दूर ठेवतो. खरं तर दात आधीच सैल झालेले असतात, कीटणाने ते एकमेकांना चिकटून धरलेले असतात. कीटण निघालं की सैलपणा लक्षात येतो, एवढंच.

मार लागून दात हलला तर हिशोब वेगळा, त्याच दिवशी जायचं. जागेवरून सरकलेला दात वेळेत बसवून शेजारच्या दातांना काही आठवडे बांधून ठेवला, तर पुष्कळदा टिकतो. कायमचा दात मुळासकट बाहेर पडला असेल तर एकेक मिनिट मोलाचं आहे. मुळाला हात न लावता वरच्या भागाने धरा, माती लागली असेल तर दुधात हलकेच विसळा, घासू नका. जमलं तर लगेच खाचेत बसवा, नाहीतर थंड दुधात ठेवून निघा. अर्ध्या तासात पोचलात तर सर्वांत उत्तम. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होते.

सहा-सात वर्षांच्या मुलाचा दात हलतो, त्यात काळजीचं काही नाही. दोरा बांधून ओढू नका, मूल जिभेने हलवून स्वतःच पाडतं. तीन-चार वर्षांच्या मुलाचा विनाकारण हलत असेल तर मात्र दाखवा.

हलणाऱ्या दातासोबत गालावर किंवा जबड्याखाली सूज आणि ताप असेल, तोंड उघडत नसेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर रात्र असली तरी थेट मोठ्या रुग्णालयात जा. घरात पडलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या खाऊन सकाळची वाट पाहू नका.

दवाखान्यात जाताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली गोळी किंवा इंजेक्शन असेल, तर दात काढण्याआधी डॉक्टरांना ते माहीत असायलाच हवं. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःहून बंद करून जाऊ नका.