फवारणी करणाऱ्यांनी डीएनएची हानी कशी टाळावी

शेतात कीटकनाशक किंवा तणनाशक फवारल्यावर चक्कर आली, मळमळलं की माणूस सावध होतो. पेशींमधल्या डीएनएला झालेली इजा मात्र काहीच जाणवू देत नाही, आणि तीच पुढे कर्करोगाचं कारण ठरू शकते. वर्षानुवर्षं फवारणी करणाऱ्यांच्या रक्तातल्या किंवा गालाच्या आतल्या पेशी तपासल्यावर त्यांत तुटलेली गुणसूत्रं (डीएनएच्या गुंडाळ्या) आणि मुख्य केंद्रकाबाहेर राहिलेली सूक्ष्मकेंद्रकं इतरांपेक्षा जास्त सापडल्याचं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. यातली बरीच दुरुस्ती शरीर स्वतःच करतं. आपल्या हातात आहे ते औषधाचा संपर्क कमी करणं.

१. लेबल वाचा, पण नुसत्या रंगावर विसंबू नका. डब्यावरच्या लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या खुणा मुख्यतः लगेच होणाऱ्या विषबाधेबद्दल बोलतात. मॅलाथिऑन हे कीटकनाशक आणि ग्लायफोसेट हे तणनाशक त्या हिशेबात सौम्य गटात मोडतात. तरीही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये या दोन्हींना 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं. निवड असेल तर कमी घातक औषध घ्या. फवारणी टाळता आली तर सगळ्यात बरं.

२. सगळ्यात जास्त काळजी द्रावण बनवताना घ्या. तेव्हा हाताशी असतं ते पाणी न मिसळलेलं औषध, आणि नेमकं त्याच वेळी 'दोनच मिनिटांचं तर काम' म्हणून हातमोजे बाजूला राहतात. नायट्राइल या कृत्रिम रबराचे हातमोजे वापरा. कापडी किंवा चामड्याचे हातमोजे औषध शोषून ते कातडीलाच चिकटवून ठेवतात. डोळ्यांना चष्मा, पुढे प्लास्टिकचा एप्रन हवा. औषध मापानंच घ्या, ढवळायला काठी वापरा. हातमोजे काढण्याआधी ते बाहेरून धुवा.

३. पंप पाठीवर घेण्याआधी गळती तपासा. औषध श्वासातून जातं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण शेतात ते शरीरात जास्त करून कातडीतून शिरतं. जांघेतली कातडी तर हाताच्या कातडीच्या कितीतरी पट औषध शोषते, त्यामुळे गळक्या पंपानं भिजलेली पँट तशीच ठेवू नका. पँट रबरी बुटांच्या बाहेर सोडा, नाहीतर ओघळ आत जातो. वारा पाठीशी ठेवा. नोझल तुंबला तर तोंडानं फुंकू नका. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही. लेबलवर सांगितलेला मास्कच लावा.

४. काम झालं की लगेच साबणानं आंघोळ करा. कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवा, तेही हातमोजे घालून. हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका, विडी-तंबाखूला हात लावू नका. तंबाखू तशीही डीएनएला इजा करते. फवारलेल्या शेतात परत कधी शिरायचं ते लेबलवर दिलेलं असतं.

तपासणीबद्दल बरेच गैरसमज आहेत. कोलिनेस्टरेज या विकराची (एन्झाइमची) रक्ततपासणी ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट या गटांतल्या कीटकनाशकांचा मज्जासंस्थेशी निगडित परिणाम दाखवते. डीएनएबद्दल ती काही सांगत नाही. सूक्ष्मकेंद्रकांची मोजणी गटांची तुलना करायला उपयोगी पडते, पण एका माणसाला कर्करोग होईल की नाही हे त्यावरून ठरत नाही. त्यापेक्षा तोच पैसा चांगल्या हातमोज्यांवर घाला.

मूल होऊ देण्याचा विचार असेल तर पुरुषांनी निदान तीन महिने आधीपासून फवारणी दुसऱ्यावर सोपवावी. शुक्रपेशी तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. गरोदर बाईनं औषध कालवणं, फवारणं आणि फवारणीचे कपडे धुणं, तिन्ही टाळावं.