घरच्या घरी कामट्यांचा आकाशकंदील

दिवाळीच्या आधी बाजारात घडीचे कंदील शंभर-दोनशे रुपयांना मिळतात. उघडला, टांगला, झालं. तरी कामट्यांचा, पतंगी कागदाचा तो जुना चौकोन-त्रिकोणांचा कंदील कुणाच्या गॅलरीत दिसला की माणसं मान वर करून बघतात. तो घरी करणं वाटतं तेवढं अवघड नाही. अडतं ते सांगाड्यात, म्हणून या लेखात जास्त जागा सांगाड्यालाच दिली आहे.

कंदील नीट न्याहाळला तर लक्षात येतं की त्यात सहा चौकोन आणि आठ त्रिकोण असतात. म्हणून बरेच जण चोवीस काड्या समोर घेऊन एकेक बांधत बसतात. पहिल्या वर्षी मीही तेच केलं आणि रात्री अकरा वाजता हातात एक मोडकी करंडी घेऊन बसलो होतो. खरी युक्ती अशी, की त्रिकोण करायचेच नाहीत. फक्त सहा चौकोन करायचे आणि ते कोपऱ्याला कोपरा लावून बांधायचे. आठ त्रिकोण मधल्या जागेत आपोआप तयार होतात.

साहित्य

बांबूच्या कामट्या बुरुडाकडे मिळतात. पुण्यात बुरूड आळीत सांगितलं तर हव्या त्या जाडीच्या तासून देतात. पेन्सिलीपेक्षा थोड्या बारीक आणि सरळ कामट्या घ्या. गाठीजवळच्या नकोत, त्या वाकवताना तिथेच तुटतात. 27 सेंमीच्या 24, 37 सेंमीच्या 2 आणि वर तीन-चार जास्तीच्या. एखादी तरी मोडतेच. बाकी पतंगी कागद, जाड सुती दोरा, थोडा सोनेरी कागद, वाटीभर मैद्याची खळ. दोऱ्याच्या जागी मांजा वापरू नका, बोटं कापतात. कामट्यांवरून आधी पॉलिश पेपर फिरवा, नाहीतर हातात कूस जाते आणि मग दोन दिवस सुई घेऊन बसावं लागतं.

सांगाडा

प्रत्येक कामटीच्या दोन्ही टोकांपासून 1 सेंमी आत सुरीने बारीक खाच पाडा. दोरा त्या खाचेत बसला की घसरत नाही. आता खाचेवर खाच ठेवून चार कामट्यांचा एक चौकोन बांधा. बाजू 25 सेंमीची होईल. गाठीला फुलीसारखे तीन-चार वेढे द्या आणि वर खळीचं बोट फिरवा. असे सहा चौकोन.

चौकोन हातात घेतला की तो लगेच तिरका होतो, पतंगासारखा. घाबरू नका, कामट्यांच्या चौकोनाचा तो स्वभावच आहे. उपाय सोपा आहे: समोरासमोरच्या कोपऱ्यांमध्ये दोऱ्याची फुली मारा. 25 सेंमीच्या चौकोनात दोन्ही दोरे साधारण 35 सेंमीचे भरले, तर चौकोन काटकोनात आला असं समजा. एक लांब आणि एक आखूड भरला तर तिथेच दुरुस्त करा. कागद लावल्यावर तो वाकडेपणा जात नाही.

आता जोडणी. एक चौकोन जमिनीवर आडवा ठेवा. त्याच्या प्रत्येक कोपऱ्याला एकेका चौकोनाचा एक कोपरा बांधा. चारही चौकोन बाहेर पसरतील, कमळ उमलल्यासारखे. ते उचलून टोकावर उभे करा, म्हणजे शंकरपाळ्यासारखे दिसतील, आणि शेजारच्या शंकरपाळ्यांचे बाजूचे कोपरे एकमेकांना बांधा. इथे दुसरे दोन हात लागतात. घरातल्या मुलाला बोलवा, नुसतं धरून ठेवायचं काम त्याला आवडतं. शेवटी सहावा चौकोन वर ठेवा. त्याचे चार कोपरे चार टोकांवर बरोबर येऊन बसतात. चौकोन एकमेकांना जोडणाऱ्या गाठी मोजा, बारा भरल्या पाहिजेत. तेरावी सापडली तर कुठेतरी चूक आहे. उंची साधारण 35 सेंमी होते, मधली रुंदी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत 50.

37 सेंमीच्या दोन कामट्या वरच्या चौकोनात आडव्या-तिरक्या फुलीसारख्या बांधा. दिवा त्यांनाच टांगायचा आहे.

खळ आणि कागद

दोन चमचे मैदा थंड पाण्यात कालवून, एक वाटी पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. पांढरेपणा जाऊन चकाकी आली की उतरवा. गुठळी राहिली तर गाळून घ्या, कारण पतंगी कागदावर ती मागच्या उजेडात काळ्या ठिपक्यासारखी दिसते. बाटलीतला डिंक चालतो, पण तो वाळल्यावर कागद आक्रसतो.

वरचा आणि खालचा चौकोन उघडे ठेवायचे असतात, म्हणून कागद लागतो चार चौकोनांना आणि आठ त्रिकोणांना. सगळीकडे 1 सेंमी जास्त कापा. आधी त्रिकोण लावा: जास्तीचा कागद कामटीला गुंडाळून आतून चिकटवा. मग चौकोन वरून लावा, म्हणजे त्रिकोणांच्या कडा झाकल्या जातात. खळ कामटीला लावा, कागदाला नाही. ओल्या हाताने कागद धरला की रंग बोटांना लागतो आणि मग तीच लाल बोटं पांढऱ्या कागदावर उमटतात. जवळ एक कोरडं फडकं असू द्या.

रंग निवडताना कागद मोबाईलच्या उजेडासमोर धरून बघा. दुकानात गडद निळा सुरेख दिसतो, पण रात्री त्यातून फारसा उजेड येत नाही. पिवळा, केशरी, लाल, पोपटी हे खात्रीचे. मला स्वतःला चौकोन पांढरे आणि त्रिकोण लाल असे आवडतात.

सांधे वाळल्यावर कडांवर सोनेरी पट्टी. सगळे दोष त्याखाली लपतात.

शेपट्या

कागदाची घडी घालून वरचे 3 सेंमी सोडा आणि खाली 2 सेंमीच्या पट्ट्या कापत जा. लांबी 50 सेंमीच्या आसपास, म्हणजे कंदिलाच्या उंचीच्या दीडपट. सोडलेला भाग खालच्या चौकोनाला गुंडाळून चिकटवा. कोपऱ्यांना हव्या तर वेगळ्या रंगाच्या झिरमिळ्या. आखूड शेपट्यांचा कंदील बोडका दिसतो.

दिवा

पूर्वी पणती ठेवत, नंतर साठ वॉटचे बल्ब आले. कागदाला दोन्ही घातक. 5 ते 9 वॉटचा एलईडी पुरतो. होल्डर वरच्या फुलीला असा टांगा, की बल्ब बरोबर मधोमध लोंबेल आणि कुठेही कागदाला टेकणार नाही. तारेचा सांधा उघडा ठेवू नका. टांगायला वरच्या चार कोपऱ्यांना सारख्या लांबीचे चार दोरे बांधून एकत्र गाठ मारा. एक दोरा आखूड झाला तर कंदील तिरका लटकतो.

कंदील साधारणपणे वसुबारसेला लागतो आणि बरेच लोक तो तुळशीचं लग्न, काही तर त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ठेवतात. ऑक्टोबरच्या शेवटी कधीकधी पावसाची एखादी सर येते, तेव्हा कंदील गॅलरीच्या छताखालीच टांगा. उतरवल्यावर कागद फाडून टाका, सांगाडा मात्र माळ्यावर टाका. चारही शंकरपाळ्यांवरच्या दोऱ्याच्या फुल्या सोडल्या की तो बराचसा चपटा होतो आणि ट्रंकेमागे मावतो. पुढच्या वर्षी दोरे ताणून बांधायचे, बारा गाठी तपासायच्या आणि थेट खळ करायला घ्यायची.