गाईच्या ढेकरातून उडून जाणारा चारा वाचवायचा कसा

आमचा गोठा नागपूरजवळ हिंगण्याच्या अलीकडे, चार गाई अन एक म्हैस. दुपारी जनावरं सावलीत रवंथ करत बसली की थोड्या थोड्या वेळाने ढेकर देतात, जवळ बसलं तर आंबूस वास येतो, अन त्या ढेकरात मिथेन नावाचा गॅस असतो. लोकांना वाटते गॅस मागून जाते, पण जवळपास सगळा मिथेन तोंडातूनच जातो. अन तो गॅस म्हणजे तुमच्याच चाऱ्यातली ताकद, २ ते १२ टक्के, नुसता कडबा-तणस (धानाचा पेंढा) असला तर जास्तीकडे.

होते असं की गाईचं कोठीपोट, ज्याला डॉक्टर रूमेन म्हणतात, ते शंभर लिटरच्या वरचं पिंप समजा. त्यात जंतू चारा आंबवतात, त्यातून तीन मुख्य आम्लं बनतात, अॅसेटिक, प्रोपिओनिक अन ब्युटिरिक, गाय मुख्यतः याच्यावरच जगते. पण अॅसेटिक बनताना हायड्रोजन सुटतो, तो साचला तर आंबवणं अडते, म्हणून दुसरे जंतू तो उचलून मिथेन बनवतात. प्रोपिओनिक मात्र हायड्रोजन वापरून टाकतं. बाजारात जे काही अॅडिटिव्ह, म्हणजे चाऱ्यात मिसळायची पुरवणी, मिळते ते एकतर हायड्रोजनला दुसरी वाट देते, नाहीतर मिथेनवाल्या जंतूंनाच दाबते.

पण पाकीट आणायच्या आधी चारा नीट करा. कडबा अख्खा टाकू नका, कुट्टी करा. तणस असेल तर १०० किलो सुक्या तणसाला ४ किलो युरिया साधारण ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, प्लास्टिकने घट्ट झाकून २१ दिवस ठेवायचं, काढल्यावर वास उडू द्यायचा अन मगच घालायचं. सहा महिन्यांखालच्या वासराला नाही. अन युरियाचं पाणी जनावराच्या तोंडाला लागेल असं कुठंच ठेवू नका, विष आहे ते.

मग अॅडिटिव्ह. बंगळुरूच्या आयसीएआरच्या पशुपोषण संस्थेने 'हरित धारा' बनवलं आहे, झाडपाल्यातल्या टॅनिनवर, म्हणजे तुरट द्रव्यावर, चालणारं, मोठ्या जनावराला रोज ५०० ग्रॅम, मिथेन १७ ते २० टक्के कमी होतो असं संस्था सांगते. परदेशात थ्री-एनओपी नावाची पावडर आहे, 'बोव्हेर' नावाने विकतात, गाईला दिवसाला पाव चमचा, मिथेन ३० टक्क्यांच्या आसपास कमी होतो, युरोपात २०२२ ला परवानगी मिळाली. पण ती पोटात काही तासच टिकते, म्हणून प्रत्येक घासात मिसळलेली पाहिजे, दिवसभर चरायला सोडलेल्या गाईला काय कामाची? अन मिथेन कमी झाला म्हणून दूध वाढेलच असं नाही, हे विकणारा सांगत नाही. सोड्याचं तर विचारूच नका, खाण्याचा सोडा पोटातलं आम्ल सावरायला असतो, मिथेनसाठी नाही.

तेलाने पण मिथेन कमी होतो, अन इथंच मी शेण खाल्लं. कुठंतरी वाचलं अन एका गाईला सरळ अर्धा लिटर सोयाबीन तेल ढेपीत कालवून दिलं. दुसऱ्या दिवशी कडब्याला तोंड लावेना, शेण पातळ, त्यात न पचलेल्या काड्या. नंतर कागद घेऊन बसलो. गाय दिवसाला १२ किलो सुकं खाते, एकूण स्निग्ध ६ टक्क्यांच्या वर नको, म्हणजे ७२० ग्रॅम. तीन किलो ढेपीतून २१० आले, एक किलो सरकीतून १९०, बाकी चाऱ्यातून १६०, झाले ५६०. जागा उरली फक्त १६० ग्रॅमची बरं का. आपल्याकडे सरकी-ढेप आधीच घालतात, त्यामुळे विदर्भातल्या गाईला वरून तेल देताना हा हिशोब केल्याशिवाय बाटली उघडू नका, कारण तेल तंतू पचवणाऱ्या जंतूंनाच मारते.

काहीही सुरू केलं तर एका वेळी एकच, पाव डोजपासून, अन १०-१५ दिवसांत वाढवत न्यायचं, जंतूंना सवय व्हायला तेवढा वेळ लागतेच. गोठ्यात मिथेन मोजायचं मशीन नसते, म्हणून दुसऱ्या खुणा बघा. डाव्या कुशीच्या खळग्यात मूठ दाबून दोन मिनिटं उभं राहा, दोन-तीनदा पोट मुठीला वर लोटेल, एकदाही लोटलं नाही तर थांबा अन डॉक्टरला बोलवा. रवंथ करताना एका घासाचे चावे मोजा, साधारण ५०-६० पाहिजेत. दुधाचं फॅट रोज लिहा, फॅट घसरलं तर तंतूवाले जंतू मरत असतील असा संशय घ्या. शंका आली तर नागपूरला सेमिनरी हिल्सच्या व्हेटरनरी कॉलेजात जाऊन विचारा.

अजून एक, लग्नाच्या सीझनमध्ये उरलेला भात-पोळ्या टोपलंभर गाईपुढे टाकतात ना, स्टार्चने मिथेन कमी होतो हे खरं, पण पोट आंबून गाय आडवी पडते.

अन मिथेनचा हिशोब गाईमागे नाही, दुधाच्या लिटरमागे धरा. भाकड जनावर दूध देत नाही पण ढेकर देतच असते. आमची म्हैस सध्या भाकडच आहे, तिला यातलं काहीच सुरू केलं नाही, आधी गाभण राहू दे म्हटलं, रेतनवाला सोमवारी येऊन राहिला.