सायकलच्या डिस्क ब्रेकचा एकच पॅड घासतो? अडकलेला पिस्टन असा सोडवला

ब्रेकचा लिव्हर सोडला तरी एक पॅड रोटरला (चाकावरच्या चकतीला) चिकटून राहायचा. कॅलिपर (पॅड आणि पिस्टन धरणारा भाग) पुन्हा बसवला, पॅड बदलले, ब्लीडिंगही केलं (तेलातली हवा काढली), फरक शून्य. फार वैताग आला. दोष पिस्टनभोवतीच्या (पॅड ढकलणाऱ्या दट्ट्याभोवतीच्या) कोरड्या सीलचा, म्हणजे रबरी कड्याचा होता.

चाक आणि पॅड काढा. मोकळा पिस्टन प्लास्टिकच्या टायर लिव्हरने दाबून धरा, ब्रेक हळूच ओढा. अडकलेला पिस्टन २-३ मिलिमीटरच बाहेर येऊ द्या. जास्त आला तर निखळून तेल सांडेल. पिस्टनच्या कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग ब्रेकमधलंच तेल कापसाच्या काडीने थेंबभर लावा (डॉट फ्लुइड आणि मिनरल ऑइल हे ब्रेक तेलाचे दोन वेगळे प्रकार; डॉट फ्लुइडच्या ब्रेकला मिनरल ऑइल मुळीच नको, सील फुगतात). पिस्टन सरळ आत ढकला, पुन्हा बाहेर आणा. दोन्ही पिस्टन सारखे हलेपर्यंत हेच. जादा तेल पुसून मगच पॅड आणि चाक बसवा. कॅलिपरचे बोल्ट सैल करा, लिव्हर दाबून धरा आणि तसेच आवळा.