झोप लागत नाही? आधी या चुका टाळा

झोप येत नसली की माणूस पहिली गोष्ट कोणती करतो? लवकर आडवा होतो. झोप बिघडवण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

माझे मामा एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर झोप उडाली. मग रात्री नऊलाच दिवा बंद, एकपर्यंत तळमळ, मग कुठे डोळा लागला की सात-साडेसातपर्यंत अंथरुणात. वर मामींचा आग्रह, "रात्रभर जागलात, दुपारी तरी पडा." म्हणजे अंथरुणावर दहा-अकरा तास आणि झोप जेमतेम सहा. कुशी बदलण्यातच उरलेला वेळ जायचा, आणि पलंग दिसला की मामांना धास्ती भरायची.

आपण जागे असतो तसतसं मेंदूत अ‍ॅडिनोसिन हे रसायन साठत जातं आणि झोपेची ओढ वाढते. ही ओढ भुकेसारखी आहे. संध्याकाळी सहाला पोटभर खाल्लं तर रात्री जेवण जाणार नाही. मामांची दुपारची दीड तासाची झोप रात्रीच्या वाट्यातूनच जात होती.

मी त्यांना सांगितलं: उठायचं साडेपाचला, रात्र कशीही गेली तरी. उठल्यावर अंगणात उजेडात. दुपारी पाठ टेकायची नाही. रात्री साडेअकराच्या आत पलंगाकडे फिरकायचं नाही, आणि पडल्यावर झोप आली नाही तर उठून बाहेरच्या खोलीत बसायचं. पहिला आठवडा मामा माझ्याशी धड बोलले नाहीत. टीव्हीसमोर साडेआठला मान पडायची आणि मामी हलवून उठवायच्या, "अहो, आत्ता नाही." दुसऱ्या आठवड्यात पडल्या पडल्या झोप लागू लागली. मग निजायची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणली. लोक नेमके तिसऱ्या-चौथ्या दिवशी सोडून देतात आणि म्हणतात, आमच्यावर काही चालत नाही. थोडा दम धरा हो! मात्र अंथरुणातला वेळ साडेपाच तासांच्या खाली नेऊ नका. फिट येत असतील, बायपोलर आजार (कधी अतिउत्साह, कधी खोल उदासी) असेल किंवा गाडी चालवणं हेच काम असेल, तर हे डॉक्टरांना विचारूनच.

उठण्याची वेळ मी कधीच हलू देत नाही. मेंदूतलं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. रविवारी दहापर्यंत लोळलात तर रविवारची रात्र हमखास बिघडते.

दुसरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे शेजाऱ्याने दिलेली झोपेची गोळी. अल्प्राझोलमसारख्या गोळ्यांची सवय लागते, हळूहळू एकीने भागत नाही, आणि म्हाताऱ्या माणसांचा रात्री तोल जाऊन हाड मोडतं. रोज घेत असाल तर एकदम बंदही करू नका. झोप आणखी बिघडते, क्वचित झटकेही येतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करत न्या. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून गोळी नव्हे, सीबीटी-आय, म्हणजे झोपेबद्दलच्या सवयी आणि विचार बदलणारी उपचारपद्धती, सुचवली. मामांनी केलं तो तिचाच एक भाग.

चहा-कॉफी दुपारी दोननंतर बंद. कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, त्यामुळे सहाच्या चहातलं निम्मं अकरालाही अंगात असतं. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते. उशाशी घड्याळ नको. "किती वाजले" हे पाहिलं की हिशेब सुरू होतो, आणि हिशेब करत कोणी झोपत नाही.

आणि घोरणं म्हणजे गाढ झोप, हे डोक्यातून काढा. घोरताना श्वास अडकत असेल, दिवसा बसल्या जागी डुलक्या येत असतील, तर तो स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो. त्याला वरचं वेळापत्रक उपयोगाचं नाही, तपासणीच हवी. रात्री पाय वळवळून स्वस्थ पडू देत नसतील तर रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, तपासून घ्या.